सहाशे सभासद, पाच ग्रुप आणि "मला तर मेसेजच नाही आला"

वाचकाचं पत्र:

"नमस्कार भाऊ. मी नागपूरला प्रताप नगर साइडच्या एका सांस्कृतिक मंडळाची सचिव आहे, जूनपासून. मंडळ रजिस्टर्ड आहे, कागदावर सहाशेच्या वर सभासद, त्यातले निम्मे रिटायर्ड. रक्तदान, तान्हा पोळा, कोजागिरी, व्याख्यानं, वर्षभर काही ना काही चालू असतं. चार्ज घेताना मला काय भेटलं तर एक एक्सेल फाइल ज्यात अर्धे नंबर ९.१९ई+११ असे दिसून राहिले, एका जीमेलचा पासवर्ड जो लागतच नाही, आणि पाच व्हॉट्सॲप ग्रुप. मेन ग्रुपचे ॲडमिन आमचे जुने कोषाध्यक्ष काका, ते आता पुण्याला मुलाकडे असतात, मला ॲडमिन करा म्हटलं की 'पाहू' म्हणतात. आमसभेची नोटीस मी माझ्या ईमेलवरून पाठवली, सगळे पत्ते टू मध्ये टाकले, एकानं रिप्लाय ऑल करून मागच्या वर्षीचा हिशेब विचारला आणि मग दोन दिवस सगळ्यांच्या इनबॉक्सात भांडण. एका सभासदानं तर ग्रुपातून नंबर उचलून बेसा रोडच्या प्लॉटचे मेसेज सुरू केले, बायकांना फोनही गेले. एवढं करून सभेत वीसेक जण उभे राहून म्हणाले की आम्हाला नोटीसच नाही. अध्यक्ष म्हणतात मंडळाचं ॲपच बनवून घेऊ, ओळखीचं पोरगं आहे, पस्तीस हजारात करून देते. काय करावं? — एक वैतागलेली सचिव"

ताई,

ॲप नको. पैशापायी नाही म्हणत, पस्तीस हजार मंडळानं दुसऱ्या कशावरही घालवावेत, पण त्या पोराला एकच विचारा की ॲप तयार झाल्यावर पहिल्या दिवशी तू त्यात कोणाची नावं टाकशील? तो म्हणेल ताई यादी द्या. आणि यादीच तर नाही ना तुमच्याकडे. वर सत्तर वर्षांच्या आजोबांना प्लेस्टोअरवरून अजून एक गोष्ट डाउनलोड करायला लावणं, त्याचा पासवर्ड विसरल्यावर तुम्हालाच फोन येणार, ते वेगळंच.

तुमचं पत्र वाचून मला जे दिसतं ते असं की मंडळाचं सगळं मंडळाच्या नावावर आहे, बँक खातं आहे, खुर्च्या, सतरंज्या, माइक सगळं आहे, फक्त माणसांची यादी कोणाच्या तरी खिशात आहे. फाइल जुन्या सचिवाच्या लॅपटॉपमधली, ग्रुप काकांच्या फोनमधला, मेल तुमच्या पर्सनल अकाउंटवरून. उद्या तुम्ही पद सोडलं की पुढच्या सचिवाला पुन्हा हेच गाठोडं. तेव्हा आधी यादी मंडळाच्या नावावर करा, ग्रुप बिप नंतर.

म्हणजे काय तर मंडळाचं एक गुगल अकाउंट. जुनं जीमेल परत भेटते का ते आधी पाहा, ज्यांनी उघडलं होतं त्यांना घरी जाऊन भेटा, कारण रिकव्हरीचा ओटीपी बहुतेक त्यांच्याच नंबरवर जाऊन राहिला असेल आणि फोनवर सांगून हे काम होत नाही, शेजारी बसूनच होते. जास्त उशीर नका करू, दोन वर्षं कोणीच वापरलं नाही तर गुगल असं अकाउंट डिलीट करू शकते, २०२३ च्या डिसेंबरपासून त्यांनी हे सुरू केलं. नाही भेटलं तर नवीन उघडा आणि मंडळाच्या नावानं एक सिम घ्या, रिकव्हरीला तोच नंबर द्या, तुमचा नको, अध्यक्षांचाही नको. टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. ते केल्यावर गुगल दहा बॅकअप कोड काढून देते, एक कोड एकदाच चालतो, त्याची प्रिंट काढून जिथे मंडळाचा शिक्का आणि चेकबुक ठेवता तिथे ठेवून द्या, म्हणजे सिमचा फोन पडला हरवला तरी दार बंद होत नाही. त्या सिमला रिचार्ज मारत राहायची जबाबदारी कोषाध्यक्षांकडे द्या, तेही लिहून. कारण रिचार्ज नसला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. मग मंडळाचा ओटीपी कामठीच्या कोण्या अनोळखी माणसाला जाईल.

आता ती एक्सेल. घाबरू नका, ९.१९ई+११ दिसून राहिलं म्हणजे नंबर गेलाच असं नाही. एक्सेल बारा आकडी नंबर पाहून त्याला गणितातली मोठी संख्या समजते आणि आखडून दाखवते. त्या सेलवर क्लिक करा आणि वरच्या पट्टीत पाहा, तिथे पूर्ण नंबर दिसला तर तो शाबूत आहे, कॉलमचा फॉरमॅट नंबर करा, डेसिमल शून्य, झालं. पण तिथेच शेवटी शून्याची रांग दिसली, म्हणजे ९१९ आणि पुढे नऊ शून्यं, तर समजा मागे कोणीतरी ती फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) करून सेव्ह केली आणि खरे आकडे तिथेच गेले. ते कोणत्याही पोराला परत आणता येत नाहीत, त्यासाठी जुन्या पावतीबुकांची अर्धुकं काढून बसावं लागेल. पावतीबुकावर नंबर हातानं लिहिलेला असतो, ते बरं आहे. नवीन शीटमध्ये नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या आणि मगच टाइप किंवा पेस्ट करा, उलटं नका करू.

शीटमध्ये काय काय घ्यायचं? माझं मत कमीत कमी घ्या. सभासद क्रमांक, नाव मराठीत आणि शेजारी इंग्रजीत (वानखेडे आणि वानखडे दोन्ही आहेत तुमच्याकडे, मी सांगतो, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या नावानं मेसेज आलेला चालत नाही), आजीव की वार्षिक, वर्गणी कधीपर्यंत भरली, मोबाइल, व्हॉट्सॲप दुसऱ्या नंबरवर असेल तर तो, ईमेल, राहतात तो भाग आणि गल्ली. मग दोन कॉलम जे सहसा कोणीच ठेवत नाही आणि तेच कामाचे आहेत, एक म्हणजे यांना कशानं कळवायचं, व्हॉट्सॲप, मेल, फोन की घरी चिठ्ठी, हे त्यांना विचारून लिहायचं, आपण ठरवायचं नाही. दुसरा, ही माहिती शेवटी कधी तपासली. बस. आधारचा फोटो वगैरे चुकूनही गोळा करू नका, लोक भाबडेपणानं देऊन टाकतात आणि ते सांभाळणं तुमच्या गळ्यात पडतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर तारीख आणि महिना पुरे, साल कशाला पाहिजे. रक्तगट हवाच असेल तर रक्तदान टीमची वेगळी शीट करा.

भाग आणि गल्ली लिहा म्हटलं त्याचं कारण सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ च्या रात्रीतून २३ उजाडताना जो पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन डागा लेआउट, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी सगळीकडे घरात पाणी शिरलं, ती रात्र तुमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. अशा वेळी सहाशे लोकांच्या ग्रुपवर "सगळे ठीक आहेत ना" टाकून काहीच कळत नाही, खाली दोनशे हात जोडलेले इमोजी येतात. नाल्याकाठच्या गल्लीत ग्राउंड फ्लोअरला कोणते काका-काकू एकटे राहतात आणि त्यांच्या मुलाचा नंबर कोणता, हे शीटला फिल्टर लावून एका मिनिटात निघालं पाहिजे. तेव्हा एकटे राहणाऱ्यांच्या पुढे मुलाचा किंवा शेजाऱ्याचा एक नंबर घ्या, अर्थात त्यांना विचारून.

आणि आता सभासद कोण हा प्रश्न, कारण तुमचा आमसभेचा घोळ इथूनच सुरू होतो. तुमच्या त्या पाच ग्रुपात सभासद आहेत, माजी सभासद आहेत, देणगीदार आहेत, व्याख्यानाला एकदा आलेले लोक आहेत, कोणाची तरी वहिनी आहे. कार्यक्रमाचं आमंत्रण या सगळ्यांना जाऊ द्या, चांगलंच आहे. आमसभेची नोटीस मात्र सभासदाला जाते, आणि प्रत्येक सभासदाला गेलीच पाहिजे. सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट, १८६० चं कलम १५ सांगते की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याला मोजतही नाहीत. म्हणून तो वर्गणीचा कॉलम शोभेचा नाही. सभेत मतदान झालं आणि कोणी चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात तक्रार टाकली तर तिथे ग्रुपचा स्क्रीनशॉट चालवत बसण्यापेक्षा तारखेसहित यादी पुढे ठेवलेली बरी.

नोटीस कशानं द्यायची हे तुम्ही, मी किंवा अध्यक्ष ठरवत नाही, तुमच्या घटना आणि नियमावलीत लिहिलेलं असतं. ती काढा, एकदा वाचा. सहसा कोणीच वाचलेली नसते. किती दिवस आधी, कोणत्या पद्धतीनं, कोरम किती, सगळं तिथे आहे. जुन्या मंडळांच्या नियमावलीत अजून "यूपीसीने पाठवावी" असं लिहिलेलं सापडते, म्हणजे पत्र टाकल्याचा पोस्टाचा दाखला घेऊन, आणि ती यूपीसी पोस्टानं २०११ मध्येच बंद केली! असं काही निघालं तर पुढच्या आमसभेत नियम दुरुस्तीचा विषय घ्या, त्यात ईमेल आणि व्हॉट्सॲप दोन्ही घाला आणि रीतसर मंजूर करून घ्या. तोपर्यंत नियमात जे आहे ते करा आणि व्हॉट्सॲप त्याच्यावर जास्तीचं समजा. ज्यांच्यापुढे चिठ्ठी लिहिलं आहे त्यांच्याकडे गल्लीतल्या कार्यकर्त्यानं नोटीस नेऊन द्यायची आणि एका कागदावर सही आणायची. त्या सहीच्या कागदापुढे "आम्हाला नोटीसच नाही" टिकत नाही, मी पाहिलेलं आहे.

व्हॉट्सॲपकडे येऊ. तुमचे वीस जण खोटं बोलून राहिले असं नका समजू. ग्रुपाऐवजी तुम्ही ब्रॉडकास्ट लिस्टनं (एकच मेसेज यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा जातो ती सोय) काही पाठवत असाल तर लक्षात घ्या, एका लिस्टमध्ये २५६ च जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला नाही त्याला तो मेसेज जातच नाही, तुम्हाला मात्र वाटते गेला. आणि साध्या ग्रुपात टाकला असेल तर, गुड मॉर्निंग, हनुमान चालिसा, कोण्या डॉक्टरच्या नावानं फिरणारा लिंबूपाण्याचा उपाय, यांच्यामध्ये नोटीस टाकणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी बर्डीच्या मेन रोडवर उभं राहून कोणाला तरी नावानं हाक मारणं. मेसेजवर दाबून धरा, इन्फो मध्ये जा, कोणापर्यंत पोहोचला आणि कोणी उघडला दोन्ही याद्या दिसतात, नोटीस टाकल्यावर चौथ्या दिवशी ते पाहायचं आणि ज्यांनी उघडलाच नाही त्यांना फोन. ग्रुप सोडून गेलेले लोकही ६० दिवसांपर्यंत ग्रुपच्या माहितीत दिसतात. त्यांना परत ओढून आत टाकू नका, कोणी वैतागून गेलं असेल, त्यांच्यापुढे शीटमध्ये "मेल" किंवा "फोन" लिहा आणि पुढे चला.

माझ्या मते तुम्हाला व्हॉट्सॲपची एक कम्युनिटी पुरे, म्हणजे अनेक ग्रुप एका छताखाली ठेवायची सोय. तिच्यात घोषणांचा ग्रुप आपोआप असतो, तिथे फक्त ॲडमिन बोलतात, आणि मुख्य म्हणजे तिथे बाकी मेंबरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. तुमच्या प्लॉटवाल्या महाशयांना साध्या ग्रुपात काय अडचण होती, मेंबरांची यादी उघडायची आणि एकेक नंबर उचलायचा. अर्थात कम्युनिटीच्या आत जे छोटे ग्रुप असतात, कोजागिरी टीम, रक्तदान टीम, तिथे एकमेकांचे नंबर दिसतातच, म्हणून तिथे कामाचीच माणसं ठेवा आणि काम झालं की तो ग्रुप बंद करा. कोजागिरी २०१९ नावाचा ग्रुप आजही कोणाच्या तरी फोनमध्ये चालू आहे हे मी पैजेवर सांगतो. गप्पांचा जुना ग्रुप मात्र मारू नका. रिटायर्ड लोकांचा अर्धा दिवस त्याच्यावर जातो, सकाळी तर्री पोह्याचा फोटो टाकतात, खुश असतात, राहू द्या. फक्त त्यावर मंडळाची कोणतीही अधिकृत गोष्ट टाकायची नाही आणि हे सगळ्यांना एकदा सांगून टाकायचं.

काकांचं काय. त्यांना मेसेज नका करू, फोन करा, तोही संध्याकाळी निवांत. पुण्यात मुलाच्या फ्लॅटवर बसलेल्या माणसाला तो ग्रुप म्हणजे नागपूर आहे हो, ॲडमिनकी सोडा म्हटलं की त्यांना वाटते मंडळातून काढून राहिले. "काका, ग्रुप तुम्हीच उभा केला, तुम्ही राहाच, ॲडमिनही राहा, पण मला आणि अध्यक्षांना सोबतीला घ्या, तुम्हाला रात्रीबेरात्री फोन करायला बरं नाही वाटत" असं म्हणून पाहा. फोन चालू असतानाच करून घ्या, मेंबराच्या नावावर दाबून धरलं की ॲडमिन करायचा पर्याय येतो, दोन सेकंदांचं काम आहे, नंतर करतो म्हटलं तर पुन्हा "पाहू". तरीही नाहीच झालं तर भांडत बसू नका, शीटवरून नवीन कम्युनिटी करा, जुन्या ग्रुपात पंधरा दिवस लिंक टाकत राहा, लोक येतात. आणि कार्यकारिणीत एक ओळीचा ठराव करून ठेवा की अधिकृत ग्रुपचे ॲडमिन अध्यक्ष, सचिव आणि एक नेमलेला सदस्य, पद गेलं की ॲडमिनकी गेली. हा ठराव तुम्हालाही लागू आहे बरं का. ॲडमिन कधीही एकटा नसावा, कारण एकुलता एक ॲडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सॲप मेंबरांपैकी कोणालाही उचलून ॲडमिन करते, तो प्लॉटवालाही असू शकतो!

मेसेज लिहिताना पोस्टर टाकून मोकळं होऊ नका. आपल्याकडे प्रत्येक कार्यक्रमाचं एक रंगीत पोस्टर बनते ज्यात वर नऊ फोटो आणि तारीख खाली कुठेतरी बारीक अक्षरात. नोटीस अक्षरात लिहा, पहिल्या ओळीत सगळं आलं पाहिजे, "आमसभा, रविवार, सायंकाळी ६, मंडळाचं सभागृह", मग विषय, मग शंका असल्यास कोणाला फोन. पोस्टर मागून जाऊ द्या हौसेला.

ईमेलचं ऐका आता. टू मध्ये सगळे पत्ते टाकले ते झालं ते झालं, पुढच्या वेळेस टू मध्ये मंडळाचाच पत्ता आणि बाकी सगळे बीसीसी मध्ये, मग कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही आणि रिप्लाय ऑल केलं तरी ते फक्त तुमच्याकडे येते. पण फ्री जीमेलवरून दिवसाला ५०० जणांच्या वर जात नाही. सहाशेला एकदम पाठवायला गेलात तर अकाउंट काही तासांपासून पूर्ण एक दिवसापर्यंत पाठवायला बंद, आणि ते नेमकं आमसभेच्या आदल्या दिवशी होते. दोन दिवसांत अर्धे अर्धे पाठवा, किंवा त्यापेक्षा सरळ गुगल ग्रुप्स मध्ये मंडळाच्या नावानं ग्रुप करा, एकाच पत्त्यावर मेल टाकला की सगळ्यांना जातो. त्यात दोन सेटिंग आधी पाहायच्या, पोस्ट फक्त ओनर आणि मॅनेजरनं करायची, आणि उत्तर पूर्ण ग्रुपला न जाता पाठवणाऱ्याला जायचं. या दोन राहिल्या तर मागच्या महिन्याचंच भांडण पुन्हा, फक्त नवीन पत्त्यावर. मेंबरांची यादी कोणाला दिसावी तेही तिथेच ठरवता येते, मेंबरांना दाखवू नका.

काही मेल परत येतील. "ॲड्रेस नॉट फाउंड" आलं तर पत्ताच चुकला, बहुतेक वेळा डॉट कॉमचं डॉट कोन झालेलं असते, फोन करून नीट करा. मेलबॉक्स फुल आलं तर त्यांची १५ जीबी भरली, आणि ती भरली ती गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी, कारण फोनमधून गुगलवर बॅकअप होणारे फोटो, ड्राइव्ह आणि मेल सगळं त्या १५ जीबीतच मोजते. त्यांच्या नातवाला सांगा. परत आलेले मेल न पाहता तसेच सोडले तर पुढच्या वर्षी हेच लोक पुन्हा सभेत उभे राहतात.

जीमेलच्या कॉन्टॅक्ट्स मध्ये लेबल करून ठेवलं तरी चालते, आजीव, वार्षिक, देणगीदार असं, पण एक खड्डा आहे तिथे. लेबल डिलीट करताना ते विचारते की आतले कॉन्टॅक्ट ठेवायचे की तेही उडवायचे, घाईत दुसऱ्यावर बोट पडलं तर माणसंच जातात. ३० दिवसांच्या आत ट्रॅशमधून परत आणता येतात, त्यानंतर नाही. मूळ यादी शीटमध्येच, लेबल बिबल सगळं त्यावरून काढलेलं, हे एकदा पक्कं केलं की असा अपघात फार लागत नाही. शीटमध्ये बदल करायचा अधिकार दोघांनाच, बाकी कार्यकारिणीला नुसती पाहायची परवानगी, आणि शीटची लिंक कोणत्याच ग्रुपवर टाकायची नाही. कोणी "मला पूर्ण यादी पाठवा" म्हटलं तर कशाला ते विचारा. त्यांना धंतोलीतले देणगीदार पाहिजेत तर तेवढी चार नावं द्या.

अध्यक्ष एसएमएसचं काढतील बहुतेक. बल्क एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार डीएलटीवर, म्हणजे असे मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीच्या पोर्टलवर, संस्थेची नोंदणी, मग हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) मंजूर, मग मेसेजचा साचा मंजूर, वर्षाला चार मेसेज टाकणाऱ्या मंडळानं त्या भानगडीत पडू नये. फोन करा, स्वस्त पडते.

प्लॉटवाल्यांबद्दल थोडं कडक व्हा. अध्यक्ष आणि तुम्ही दोघं मिळून समोर बसवून सांगा, ग्रुपवर नाही. लोकांनी नंबर मंडळाच्या कामासाठी दिला होता, प्लॉटसाठी नाही, मेसेज आजपासून बंद आणि उचललेले नंबर डिलीट. ऐकलं नाही तर लेखी पत्र आणि कार्यकारिणीत विषय. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच तत्त्वावर उभा आहे, माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती परत घेणंही सोपं असलं पाहिजे. ते तुम्हालाही लागू धरा. "माझं नाव काढा" असा मेसेज आला की काऊन, काय झालं, आमचं काही चुकलं का, असं विचारत बसायचं नाही, काढायचं आणि "काढलं" एवढं कळवायचं. सभासद असेल तर यादीत नाव राहीलच, फक्त ग्रुपातून जाईल आणि नोटीस त्याला चिठ्ठीनं. आणि ज्यांना फोन गेले त्या बायकांना तुम्ही स्वतः फोन करा, मंडळानं काय केलं ते सांगा. ते कोणीच करत नाही आणि मग बायका चुपचाप मंडळ सोडून जातात.

यादी जुनी होतच राहते, त्याचा मोसम ठरवून टाका. वर्गणी घ्यायच्या वेळी पावती फाडणाऱ्यानंच विचारायचं, नंबर तोच आहे ना, पत्ता तोच ना, कशानं कळवू, आणि पावतीच्या अर्धुकावर तिथेच लिहायचं. वेगळी मोहीम काढाल तर दोन गल्ल्या होऊन थांबते, सगळ्यांचा अनुभव आहे. जे सभासद वारले त्यांची नावं डिलीट करू नका, दुसऱ्या शीटवर न्या, तारखेसहित, आणि ग्रुपातून नंबर काढायच्या आधी घरच्यांना विचारा. बरेचदा काकूच तो फोन वापरत असतात आणि त्यांना ग्रुपात राहायचं असते. उलट नंबर बंद झाला असेल तर लवकर काढा, नाहीतर वर्षभरानं तो नंबर भेटलेल्या कोण्या पोराला तुमच्या भजन संध्येचं आमंत्रण जाईल आणि नाव मात्र काकांचं दिसेल, ते घरच्यांच्या नजरेस पडलं तर फार वाईट वाटते.

या आठवड्यात एवढंच करा: नियमावली काढून वाचा, जुन्या जीमेलवाल्यांकडे जाऊन बसा आणि काकांना फोन. शीट दिवाळीपर्यंत झाली तरी चालते, एकटीनं सहाशे नावं टाइप करू नका, मंडळातल्या कोणाची तरी पोरं कॉलेजात असतील, दोघांना रविवारी बसवा, समोसे खाऊ घाला, एकानं वाचायचं आणि एकानं टाइप करायचं. आणि पुढच्या सचिवाला चार्ज देताना काय काय द्यायचं ते आत्ताच एका पानावर लिहून ठेवा, अकाउंट कोणतं, सिम कोणाकडे, शीट कुठे, बॅकअप कोड कोणत्या कपाटात, ॲडमिन कोण कोण, आणि ते पान प्रोसिडिंग बुकात चिकटवा. पासवर्ड तेवढा त्या पानावर लिहू नका.